चार वर्षांनी ओढलेली एक सिगारेट : सोडणाऱ्यांसाठी आणि सोडलेल्यांसाठी धागा

भोसरीकर
३१ मे २०२४, रात्री १०:४०

आज तंबाखूविरोधी दिन. कंपनीत दुपारी सगळ्यांनी शपथ घेतली. त्यातले बरेच जण साडेतीनला गेटबाहेरच्या टपरीवर होते. त्यात कोणाची लबाडी नव्हती. शपथ घेताना सोडायची इच्छा खरीच असते, मी स्वतः दोनदा तशी घेतलेली आहे.

सिगारेट कशी सोडावी यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सुटल्यानंतरच्या काळाबद्दल लिहायचंय, कारण माझा घात तिथे झाला.

१९९६ साली कराडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना सुरुवात झाली. पुढे दिवसाला बारा-चौदा. मुलगी झाली आणि जानेवारी २०११ मध्ये सोडली. औषध नाही, सल्ला नाही, एका सकाळी बंद. पंधरा दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. झोप उडाली, तोंड आलं, पोट साफ होईना. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मग हळूहळू सगळं निवळलं. चार वर्षं एकही ओढली नाही. टपरीवर मित्रांबरोबर उभा राहायचो, फक्त चहा घ्यायचो, काही वाटायचं नाही.

एप्रिल २०१५ मध्ये कॉलेजातल्या जिवलग मित्राचे वडील गेले. वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं आटोपून आम्ही बाहेर चहाच्या गाडीपाशी आलो. त्याचा सदरा खांद्यापासून ओला होता. शेजारच्या टपरीवरून त्यानं दोन सुट्या घेतल्या आणि एक माझ्यापुढे धरली. मी सोडलीय हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात ते कुठून असणार? मला ओढायची नव्हती. त्याला एकट्याला ओढू द्यायचं मात्र जिवावर आलं. काडी त्यानंच पेटवली. हात थरथरत होता, म्हणून मी दोन्ही तळव्यांचा आडोसा केला.

घसा जळजळला, डोकं गरगरलं. अर्धी टाकून दिली. स्मशानातून आल्यावर अंघोळ करायचीच असते, त्यामुळे घरी कोणाला वासही आला नाही.

आणि मग काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी तलफ आली नाही, आठवड्यानं आली नाही. हेच वाईट झालं. मी मनाशी ठरवून टाकलं की आता हिची आपल्यावर सत्ता उरली नाही, आपण वर्षा-सहा महिन्यांत एखादी ओढणाऱ्यातले झालो. सतरा दिवसांनी ऑडिटच्या रात्री दुसरी ओढली. मग शनिवारची एक. पावसाळ्यात शनिवारची आणि बुधवारची. दसऱ्याला रोज तीन, दिवाळीत आठ. फेब्रुवारीत पाकीट पुन्हा खिशात आलं. चार वर्षांची कमाई जायला दहा महिने लागले आणि एकही दिवस असा नव्हता की ज्या दिवशी मी 'आता पुन्हा सुरू करू' असं ठरवलं.

यात सुट्या विक्रीचा मोठा हात आहे. पाकीट घेताना माणूस दोनदा विचार करतो. सुटी एक घेताना ती घेतल्यासारखी वाटतच नाही. टपरीला सुतळीनं टांगलेला लायटर असतो, काडेपेटीसुद्धा लागत नाही. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमच्या गेटबाहेर आजही सुटी मिळते.

जून २०१८ मध्ये पुन्हा सोडली. या वेळी डॉक्टरांना विचारून, निकोटिनच्या गमचा आधार घेऊन. आदल्या संध्याकाळी टपरीवाल्या मामांकडे गेलो, उधारी चुकती केली आणि म्हणालो, "मामा, उद्यापासून मी मागितली तरी द्यायची नाही." त्यांनी वही काढली, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवून दाखवली. पुढचे दोन-तीन महिने मी दिसलो की ते काही न बोलता शेंगदाण्याची चिक्की पुढे करायचे. त्यांचं गिऱ्हाईक तुटत होतं, तरी त्यांनी शब्द पाळला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या महिन्यात सहा वर्षं होतील. तुमचं कुठे अडलं, कुठे घसरलं, मोकळेपणानं लिहा.

~~~

नाशिकरोडचे_काका
१ जून २०२४, सकाळी ७:१५

प्रामाणिक लिहिलंत. मी १९८९ साली सोडली. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर गेलो, पाकीट आणि काडेपेटी कचऱ्यात टाकली, विषय संपला. गम, अंगाला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या हे पांगुळगाडे आहेत. माणसाचं मन घट्ट असलं पाहिजे. निकोटिन सोडायला निकोटिनच खायचं, हे मला पटत नाही.

~~~

ऋता_डॉ
१ जून २०२४, दुपारी २:०५

काका, तुम्ही सोडलीत याबद्दल मनापासून आदर आहे. पण मी छातीविकारतज्ज्ञ आहे आणि हा मनाच्या घट्टपणाचा मुद्दा रोज ऐकते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कुठल्याही मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्या शंभरातले साधारण तीन ते पाचच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. बाकीचे सगळे मनाचे कच्चे नसतात. झुरका घेतल्यावर निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. दिवसातून शे-दीडशे वेळा मेंदूला ही बक्षिसी मिळत असते, तीही वीस-वीस वर्षं. गम किंवा पट्टीतलं निकोटिन सावकाश आणि कमी चढतं. त्यात धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. सिगारेटमुळे होणारे कॅन्सर आणि हृदयविकार मुख्यतः धुरामुळे होतात. पट्टी आणि गम एकत्र वापरले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या.

गम वाया जातो तो चुकीचा चघळल्यामुळे. तो च्युइंगगमसारखा सलग चावायचा नाही. हळूहळू चावा, तिखटसर झणझणलं की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. झणझण ओसरली की पुन्हा थोडा चावा. असा अर्धा तास. त्याआधीची पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. भराभर चावून लाळ गिळली की उचकी लागते, पोटात जळजळतं आणि माणूस म्हणतो, मला गम मानवत नाही.

दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना जरूर सांगावं. सोडल्यावर ते औषध रक्तात जास्त साचतं, डोस कमी करावा लागतो.

~~~

सोलापूरची_लेक
२ जून २०२४, रात्री ९:३०

माझी आई तीस वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापलेली. चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. आमच्या शाळेच्या वह्या त्यातून आल्या, म्हणून त्या धंद्याबद्दल वाईट बोलायला जीभ उचलत नाही. पण एक सांगायलाच हवं. बाबांना डॉक्टरांनी सिगारेट बंद सांगितली तेव्हा ते विडीवर आले. "ही पानाची, साधी, हिनं काही होत नाही," म्हणायचे. आई दिवसभर त्याच जर्द्यात बसून खोकायची, आणि तरी घरात सगळ्यांना ते खरं वाटायचं. विडी विझू नये म्हणून जोरात आणि सारखी ओढावी लागते. सिगारेटपेक्षा धूर कमी जात नाही, जास्तच जातो.

आमच्या गल्लीत सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागलेलेही खूप आहेत. त्यांना वाटतं, सुटलो.

~~~

उत्तरसमुद्र
३ जून २०२४, पहाटे ३:२०

इंग्लंडमध्ये राहतो. इथे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट ओढायला मुभा आहे, सिगारेट सोडण्यासाठी सरकारी आरोग्यसेवाही ते सुचवते. माझी सिगारेट व्हेपमुळेच सुटली, ते नाकारत नाही. पण आता ते उशाशी असतं. सिगारेट ओढायला निदान घराबाहेर जावं लागायचं. हे रजईतसुद्धा चालतं. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, त्यामुळे सुट्टीला आलो की दोन आठवडे व्हेपशिवाय काढतो आणि परत आल्यावर विमानतळावरून घरी पोचेपर्यंतही दम निघत नाही. यातून बाहेर पडलेलं कोणी आहे का?

~~~

मुग्धा_क
५ जून २०२४, दुपारी १२:१०

मी ओढत नाही, नवरा ओढायचा. फेब्रुवारीत सोडली म्हणतो. माझा विश्वास बसत नाही. धुवायला टाकलेले शर्ट हुंगते, गाडीचा कप्पा बघते. त्याला हे कळतं आणि मग भांडण होतं. भोसरीकर, तुमच्या बायकोला कधी कळलं?

~~~

भोसरीकर
५ जून २०२४, रात्री ११:००

मुग्धाताई, तिला चार महिन्यांनी कळलं. ते चार महिने मी वेलची चघळत, हात साबणानं दोनदा धुऊन, सोसायटीच्या मागच्या गेटानं घरी यायचो. लपवण्यात माझी जेवढी बुद्धी गेली तेवढी सोडण्यात गेली असती तर पहिल्या आठवड्यातच सावरलो असतो. मी सांगितलं नाही, कारण चार वर्षं ती सगळ्या नातेवाइकांत माझं कौतुक करत होती. ते कौतुक मोडायचं धाडस झालं नाही.

शर्ट हुंगू नका, असं मी म्हणेन. त्याला एकदाच शांतपणे सांगा की एखादी ओढली गेली तर त्याच रात्री मला सांग, मी ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नका. ते अवघड आहे, जाणतो. पण एक सिगारेट घरी सांगितली गेली की ती बहुतेक एकवरच राहते. लपवलेलीला दुसरी येऊन मिळते.

~~~

विन्या_चिपळूण
१० जून २०२४, रात्री ११:५२

आज तिसरा दिवस. वय ३४, राहायला डोंबिवली, दिवसाला पंधरा ओढायचो. मुलावर इतका खेकसलो की तो रडत झोपला. चार वर्षांचा आहे. गॅलरीत उभा आहे. खाली नाक्यावरची टपरी बारापर्यंत उघडी असते. छातीत धडधडतंय, सकाळपासून सातवा चहा झाला. कोणी जागं आहे का?

~~~

भोसरीकर
१० जून २०२४, रात्री ११:५५

जागा आहे. गॅलरीतून आत ये. दार लावून घे.

~~~

विन्या_चिपळूण
१० जून २०२४, रात्री ११:५७

आलो.

~~~

भोसरीकर
१० जून २०२४, रात्री ११:५९

तलफ आयुष्यभराची वाटते, पण एक लाट पाच-सात मिनिटांची असते. तू ओढलीस तरी ती जाते, नाही ओढलीस तरी जाते. गार पाणी घोट घोट पी. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट, हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, ते तसंच असतं. टपरी बंद होईपर्यंत इथे लिहीत राहा.

~~~

विन्या_चिपळूण
११ जून २०२४, रात्री १२:२१

शटर पडलं. आवाज इथपर्यंत आला. मुलाच्या शेजारी जाऊन पडतो.

~~~

ऋता_डॉ
११ जून २०२४, सकाळी ८:४०

विन्या, रात्री जागी नव्हते, माफ करा. सात चहा हे धडधडीचं एक कारण असू शकतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन शरीरात जवळजवळ दुप्पट साठतं. मग हात थरथरतात, झोप येत नाही, चिडचिड होते, आणि माणूस समजतो की हे सगळं सिगारेट नसल्यामुळे होतंय. चहा निम्म्यावर आणा, संध्याकाळी पाचनंतर नकोच. तुम्हाला तर सकाळच्या चहाबरोबरच पहिली लागत असणार, तेव्हा थोडे दिवस चहाची जागा बदला. गॅलरीत नाही, स्वयंपाकघरात उभ्यानं.

छातीत दुखलं, घाम फुटला, हात भरून आला तर मात्र कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठा. गमची मात्रा जवळच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा टोल फ्री नंबर असतो, तिथे समुपदेशक बोलतात.

~~~

विन्या_चिपळूण
१२ जून २०२४, रात्री ९:१५

दोनच चहा. धडधड खरंच कमी आहे. गम सुरू केला. पहिला चुकीचा चावला, उचकी लागली. दुसरा नीट जमला.

~~~

नाशिकरोडचे_काका
१६ जून २०२४, सकाळी ६:५०

परवापासून एक गोष्ट लिहावी की नको, असं चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी सोडल्यावर त्यानं माझं पाहून पाच-सहा वेळा प्रयत्न केला. दर वेळी महिना-दीड महिन्यात पुन्हा सुरू. मी त्याला चारचौघांत मनाचा कच्चा म्हणायचो, त्याच्या मुलांसमोरसुद्धा. शेवटी त्यानं माझ्यासमोर प्रयत्न करायचंच सोडून दिलं. २०१२ साली तो फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. परळला टाटात त्याच्या उशाशी बसलो असताना तो म्हणाला, "दादा, तुला जमलं ते मला का नाही जमलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टर, तुम्ही लिहिलंय ते शंभरातल्या तीन ते पाचांचं वाचून मला ते उत्तर आत्ता मिळालं. गमबद्दल मी लिहिलं ते मागे घेतो. विन्या, बाळा, घे तो गम.

~~~

ऋता_डॉ
१६ जून २०२४, रात्री १०:२०

काका, हे लिहिलंत म्हणून आभार. तुमच्यासाठीच एक गोष्ट सांगते. ब्रिटिश डॉक्टरांचा एक अभ्यास १९५१ ते २००१ अशी पन्नास वर्षं चालला, ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टर त्यात होते. तिशीत सोडणाऱ्यांनी सुमारे दहा वर्षांचं आयुष्य वाचवलं, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडूनही तीन. "आता या वयात सोडून काय उपयोग" म्हणणाऱ्या पेशंटला मी हे तीन वर्षांचं सांगते. नातवाची तीन वर्षं किती मोठी असतात, ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

~~~

मुग्धा_क
२ जुलै २०२४, रात्री १०:०५

सांगितलं त्याला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, एप्रिलमध्ये दोन ओढल्या होत्या. मी ओरडले नाही. आत जाऊन रडले, पण ओरडले नाही.

~~~

विन्या_चिपळूण
३० ऑगस्ट २०२४, रात्री ११:१०

आज चौऱ्याऐंशीवा दिवस. गम दिवसाला दोनवर आलाय, पुढच्या आठवड्यात बंद करायचाय. वजन चार किलो वाढलंय, चालायला जातोय. जेवणाला पुन्हा चव आली, सुकटीचा वास दारातून कळतो.

पण भीती वेगळीच आहे. ५ तारखेच्या रात्री गणपतीला गावी निघतोय. घरी आम्ही सात चुलतभाऊ. आरत्या झाल्या की रात्री मागच्या अंगणात पत्ते आणि सिगारेटी, पहाटेपर्यंत. दर वर्षीचं आहे. तिथे मी विनोद नसतो, विन्या असतो, आणि विन्या ओढतो. दादा, वैकुंठातल्यासारखं काही झालं तर काय करायचं?

~~~

भोसरीकर
३१ ऑगस्ट २०२४, सकाळी १०:३०

विन्या, यावर मी खूप विचार केलाय.

एक तर जाण्याआधी एका भावाला फोन करून सांग. सगळ्यांना नको, जो थोरला असेल, ज्याचं बाकीचे ऐकतात, त्याला. आणि नाही म्हणताना कारण देऊ नकोस. खोकला आहे म्हटलंस तर दुसऱ्या दिवशी विचारतील, खोकला गेला का? उपास आहे म्हटलंस तर उपास सुटतो. कारण संपलं की सिगारेट पुन्हा पुढे येते. नुसतं "नको" म्हण आणि हातात पत्ते धर. पहिल्या दोन रात्री पत्त्यांना बसलाच नाहीस तरी चालेल.

त्या मित्राचं राहिलं. २०२१ मध्ये त्याची आई गेली. पुन्हा तेच, तो बाहेर येऊन टपरीपाशी उभा राहिला, पुन्हा दोन घेतल्या. मी फक्त मान हलवली. त्यानं एक खिशात ठेवली, एक पेटवली. ती संपेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. सहा-सात मिनिटं. २०१५ मध्ये मला वाटलं होतं की त्याच्यासोबत ओढली नाही तर तो एकटा पडेल. तो एकटा पडला नाही.

~~~

विन्या_चिपळूण
६ सप्टेंबर २०२४, सकाळी ११:४५

पोचलो. काल नव्वदावा दिवस होता. एसटी माणगावला वीस मिनिटं थांबली. खाली उतरून टपरीकडे पाठ केली, मुलाला भजी घेऊन दिली, त्यानं अर्धी माझ्या शर्टाला पुसली. गाडी सुटेपर्यंत दोनदा लाट आली, दोनदा गेली.

थोरल्या दादाला फोनवर सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "बरं, मग रात्री माझ्यापासून लांब बस." एवढंच. उद्या गणपती बसतायत, आत्ता मखराचं काम चाललंय. मी मुद्दाम आतल्या बाजूला बसून कागदी फुलं चिकटवतोय. इथे कापूस आणि घोटीव कागद पसरलाय, त्यामुळे आजी कोणालाच काडी ओढू देत नाही.